औषधाची मात्रा आणि यकृत

संत्र्याच्या बागेत खत घालताना आमच्या रामाकोना-सौंसर भागातील शेतकरी आधी झाडाचे वय पाहतो. कोवळ्या कलमास मोठ्या झाडाइतके खत घातले, तर ते जळून जाते. मोठ्या झाडास कलमापुरतेच घातले, तर त्याचे पोषण होत नाही. बागेत सहज सुचणारा हा विवेक औषधाच्या बाबतीत मात्र आपण विसरतो. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी, क्षयरोगाच्या गोळ्यांनी यकृत बिघडते असे ऐकून, त्या निम्म्याच घेण्यास आरंभ केला होता. त्यांची भीती सर्वस्वी खोटी नव्हती. उपाय मात्र घातक होता.

पोटात गेलेल्या बहुतेक औषधांवर यकृतात रासायनिक क्रिया होते. जंतुविरोधी औषधांपासून यकृतास होणारी इजा मुख्यत्वे दोन प्रकारची असते. पहिली मात्रेनुसार वाढणारी. पायराझिनामाइड हे क्षयरोगाचे औषध १९५० नंतरच्या दशकात वजनाच्या दर किलोमागे ४० ते ५० मिलिग्रॅम दिले जाई. तेव्हा यकृताचे विकार इतके आढळले की ते औषध मागे पडले. पुढे मात्रा २० ते ३० मिलिग्रॅमवर आणल्यावर तेच औषध पुन्हा उपचारात रूढ झाले. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची मोठी मात्रा शिरेतून दिल्याने गर्भवती स्त्रियांच्या यकृतात चरबी साचून मृत्यू ओढवल्याचे १९६० नंतरच्या दशकात दिसून आले.

दुसरी इजा व्यक्तीच्या प्रकृतीवर अवलंबून असते. योग्य मात्रा घेऊनही एखाद्यासच ती होते. अमॉक्सिसिलिन व क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांच्या जोडगोळीने होणारी कावीळ कधीकधी औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही उद्भवते. वाढते वय, मद्यपान आणि यकृताचा पूर्वीचा आजार यांमुळे क्षयरोगाच्या औषधांचा धोका वाढतो. म्हणून या गोष्टी वैद्यांपासून लपवू नयेत.

मग मात्रा कमी घेतल्याने आपण सुरक्षित होतो काय? मुळीच नाही. अपुऱ्या औषधाने जंतू पुरते मरत नाहीत. जे थोडे चिवट असतात ते तगतात, वाढतात आणि पुढे त्या औषधास दाद देईनासे होतात. मग अधिक कडक औषधे अधिक काळ घ्यावी लागतात. याच कारणास्तव आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ पासून क्षयरोगाची औषधे रोज आणि वजनानुसार देण्याची पद्धत आली. आरंभीच्या उपचारात चार औषधे एकत्र असलेल्या गोळ्या ३५ ते ४९ किलो वजनाच्या प्रौढास रोज ३, तर ५० ते ६४ किलोच्या प्रौढास ४ दिल्या जातात. शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्याला का चालत नाही, हे यावरून ध्यानी यावे.

अन्नावरची वासना उडणे, मळमळ, उलटी, गडद पिवळी लघवी, डोळे पिवळे होणे ही धोक्याची लक्षणे होत. ती दिसताच पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. औषध थांबवायचे, बदलायचे की पुन्हा सुरू करायचे, हे रक्त तपासून वैद्यच ठरवतील.

विद्यार्थिमित्रहो, घरातील आजी-आजोबांच्या औषधाची चिठ्ठी बहुधा तुम्हीच वाचून दाखवता. तिच्यावरचा आकडा वाढवू नका, घटवूही नका. आमच्या परिचयाचे ते गृहस्थ वेळीच दवाखान्यात गेले आणि पूर्ण मात्रेने बरे झाले. त्यांची चिठ्ठी त्यांच्या नातीने वाचली होती.