बायबल : चोरी, मालकी आणि जमीन

चोरी : मनाई निर्गम 20:15 मध्ये. दहा आज्ञांत बहुतेक प्रोटेस्टंट पंथांच्या गणनेने आठवी, कॅथलिक गणनेने सातवी.

भरपाई : चोरलेला बैल कापला वा विकला तर बदल्यात पाच, मेंढरू असेल तर चार. जनावर जिवंत सापडले तर दुप्पट (निर्गम 22).

जमीन : खरा धनी देव, माणूस तिथे उपरा. म्हणून कायमची विक्री नाही. 50व्या, योबेल वर्षी वतन मूळ कुटुंबाकडे परत (लेवीय 25). शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवणे निषिद्ध (अनुवाद 19:14). शेताच्या कडेचे पीक आणि सरवा गरिबांचा व उपऱ्यांचा (लेवीय 19).

जमीन विक्रीवरील मर्यादेचे आजचे उदाहरण, कशेळे परिसर (ता. कर्जत, जि. रायगड) : ठाकर, कातकरी या आदिवासी जमातींच्या वाड्यांचा भाग. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ नुसार 1974 पासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकण्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.