देशावरून समुद्र ऐकताना

आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या संपत आल्या की पावसाळ्यात एक वाक्य हमखास येते : 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.' जुन्नर-मंचरकडच्या घरांत नेमका या वाक्याला रेडिओ बंद होतो. टोमॅटो-कांद्याचे भाव ऐकून झालेले असतात, पावसाचे दोन शब्द कानावर पडलेले असतात. समुद्राशी आपला काय संबंध? आपण देशावरची माणसे. आपले पाणी म्हणजे माणिकडोह, येडगाव, डिंभे, विहीर आणि कालवा. आपल्याकडे लाट येते ती थंडीची, नाही तर उन्हाची.

श्रोतेहो, ते वाक्य आपल्यासाठीही असते, एवढेच मला आज सांगायचे आहे. एकदा आपण समुद्राकडे जातो तेव्हा, आणि एकदा समुद्र आपल्याकडे येतो तेव्हा.

नकाशावर पट्टी ठेवून पाहा. जुन्नर ते अरबी समुद्र हे अंतर सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर भरते. पूर्वीच्या जुन्नरकरांना ते फारसे वाटत नव्हते. सातवाहनांच्या काळात नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे माल जात होता. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवला जातो, आणि जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत यवन दात्यांचे उल्लेख आहेत. निजामशाहीच्या आरंभी जुन्नर हे मोठे ठाणे होते आणि चौल हे त्या राज्याचे बंदर होते. ज्या गावाचा पैसा गलबतांवर तरंगतो, त्या गावाला वारा कधी फिरतो ते ठाऊक असावेच लागते. आपला 'मोसम' हा शब्द अरबी 'मौसिम'वरून आला, म्हणजे नेमून दिलेला काळ. साहेबाचा 'मान्सून'ही त्याच घरातला. पंधराव्या शतकातल्या अहमद इब्न माजिद या अरब दर्यावर्दीने तर वारे, तारे आणि जलमार्ग यांचे ज्ञान पद्यात लिहून ठेवले. पद्य पाठ होते, आणि खलाशाला भर समुद्रात पोथी उघडत बसायला सवड नसते. कवितेचा इतका रोकडा उपयोग मला तरी दुसरा माहीत नाही.

आज हे काम हैदराबादची एक संस्था करते. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र असे तिचे लांबलचक नाव आहे. कोळीवाड्यांत आणि बंदरांवर तिला 'इन्कॉइस' म्हणतात. १९९९ साली ती स्थापन झाली. वारा-पावसाचे भारतीय हवामान विभाग पाहतो, लाटांचे इन्कॉइस पाहते. तिच्या अंदाजात तीन गोष्टी महत्त्वाच्या असतात : लाटेची उंची, दोन लाटांमधला काळ आणि लाट येण्याची दिशा.

उंचीचा आकडा आपल्याला लगेच कळतो असे वाटते, पण तो फसवा आहे. 'लाटा दोन मीटर' याचा अर्थ प्रत्येक लाट दोन मीटर असा नाही. आलेल्या लाटांपैकी सर्वांत उंच अशा एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. काही तास किनाऱ्यावर थांबलात तर त्याच दिवशी एखादी लाट जवळजवळ दुप्पट उंचीची येऊ शकते. माणूस सरासरीत बुडत नाही, त्या एका लाटेत बुडतो.

दुसरा आकडा सेकंदांचा. तो कुणी ऐकत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा घाईच्या असतात. पाच-सात सेकंदांनी एक अशा, विस्कटलेल्या, एकमेकींच्या अंगावर पडणाऱ्या. पण दूरवरच्या वादळात जन्मलेल्या लाटा प्रवासात वेगळ्या होतात. लांब लाटा वेगाने पुढे निघतात, आखूड मागे राहतात. सोळा सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे ४०० मीटर असते, आणि अशा लाटांचा तांडा तासाला साधारण ४५ किलोमीटर चालतो. म्हणजे हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, जिथे माणसाची वस्ती नाही, तिथे आज वादळ झाले तर सहा-सात दिवसांनी त्याची लाट आपल्या किनाऱ्यावर हजर होते. इथे वारा नसतो, ढग नसतो, ऊन लख्ख पडलेले असते. केरळचे मच्छीमार अशा लाटांना 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. मे २०२४च्या आरंभी त्या आल्या तेव्हा इन्कॉइसने आधी इशारा दिला होता. ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर वैद्यकीय शाखेचे पाच विद्यार्थी बुडाले.

हे गणित तसे जुने नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवायचे तर त्या दिवशी लाट किती असेल हे आधी कळायला हवे होते. हाराल्ड स्वेर्द्रुप आणि वॉल्टर मंक या दोघांनी त्याची रीत बसवली, आणि १९४४ च्या नॉर्मंडीच्या चढाईत ती उपयोगी पडली. याच मंकने १९६३ साली न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत माणसे आणि यंत्रे बसवून दक्षिणेकडच्या वादळांच्या लाटांचा सबंध प्रशांत महासागरभर माग काढला. लाट हजारो किलोमीटर जाते आणि फारशी थकत नाही, हे त्यातून दिसले.

आपल्या पश्चिम किनाऱ्याचा एक पाहुणा थंडीतही येतो. आखाताकडून वायव्येचा 'शमाल' वारा सुटतो; शमाल म्हणजे अरबीत उत्तर. त्याने उठवलेल्या लाटा नोव्हेंबर ते मार्च या काळात रत्नागिरी-गोव्यापर्यंत पोहोचतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. आणि नोव्हेंबर ते मार्च म्हणजे काय? आपल्या शाळांच्या सहलींचे दिवस! देशावरून निघालेली एसटी अलिबाग, काशीद, मुरूड, हर्णै करीत फिरते ती याच महिन्यांत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. तो शमालच्या लाटांचा बळी होता असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला आधार नाही. कोरड्या मोसमातल्या निळ्या आकाशाला पाहून समुद्राची परीक्षा करू नये, एवढ्यासाठी ही तारीख सांगतो.

आता लाट फुटते कशी ते पाहू. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ 'लागतो'. खालचे पाणी अडखळते, लाट आखूड होते, उंच होते, आणि खोली जवळजवळ तिच्या उंचीइतकी उरली की ती कोसळते. वाळूचा उतार हळूहळू चढत असेल तर लाट हप्त्याहप्त्याने फुटते. पण उष्ण समुद्रात प्रवाळांचे खडक असतात. लक्षद्वीपच्या बेटांभोवती ते कड्यासारखे आहेत. तिथे खोल पाण्यातून आलेली लाट एकदम उथळावर चढते आणि एका झटक्यात आडवी होते. सर्फिंगची फळी घेऊन लाटेवर स्वार होणारे जगभरचे शौकीन अशाच जागा शोधत फिरतात, कारण लाट रोज त्याच ठिकाणी, त्याच वळणाने फुटते. त्यांचे हवामानाचे पत्रक मोठे बारकाईचे असते. लाट किती सेकंदांची, कुठल्या अंगाने येणार, त्या वेळी ओहोटी असून खडकावर गुडघाभरच पाणी उरणार का, आणि वारा जमिनीवरून की समुद्रावरून. सकाळचा मतलई वारा लाटेला समोरून थोपवतो, ती नीट उभी राहते. दुपारी खारा वारा सुटला की तिचा पाट मोडतो. मौजेसाठी जाणारी ही पोरे चार गोष्टी तपासल्याशिवाय पाण्यात पाय घालत नाहीत. आपण मात्र पन्नास लेकरे घेऊन निघताना फक्त डब्यांची चौकशी करतो.

नाणेघाटात पावसाळ्यात उभे राहिलो की मला हा खडक आठवतो. आपला सह्याद्री हाही एक खडकच, फक्त हवेच्या समुद्रातला. शास्त्रज्ञ ही उपमा तशीच्या तशी मान्य करणार नाहीत, कारण लाट फुटते तळ अडल्याने आणि ढग पाणी सोडतो वर चढून थंड झाल्याने. पण वारा एकच आहे. पावसाळ्यात दक्षिण गोलार्धातून निघून, सोमालियाच्या किनाऱ्याला वळसा घालून तो अरबी समुद्र ओलांडतो. वाटेत समुद्रावर तीन-चार मीटरच्या लाटा उठवतो आणि बाष्प उचलून थेट घाटाला धडकतो. नाणेघाटात धबधब्याचे पाणी उलटे वर उडताना पाहायला मुंबई-पुण्याची गर्दी येते. ते पाणी उडवणारा वारा तोच. घाटघर, आहुपे या अंगाला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि चाळीस-पन्नास किलोमीटर पूर्वेला तो शेकड्यांत येतो. म्हणून रेडिओवर समुद्र खवळणार, वारे जोराचे असे सांगतात तेव्हा घाटमाथ्यावरच्या माणसाने तरी कान टवकारावेत. बहुतेकदा मागोमाग घाटाचा इशारा येतोच. हवामान विभाग अलीकडे 'पुणे' आणि 'पुणे घाट' असा वेगळा इशारा देतो. जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके दोन्हींत मोडतात. नारायणगावला पिवळा रंग असताना घाटघरला लाल असू शकतो.

३० जुलै २०१४ ची तारीख मी विसरू शकत नाही. आदल्या दिवशी रमजान ईद झाली होती, शिरखुर्म्याची भांडी घरात अजून पालथी पडायची होती. त्या दिवशी सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर उतरला. दीडशेच्या वर माणसे गेली. एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गावच दिसले नाही, तेव्हा बाहेर कळले. आणि त्याच दिवशी कराचीच्या किनाऱ्यावर ईदच्या सुटीत गेलेली तीसहून अधिक माणसे समुद्राने ओढून नेली. दोन्हींचे कारण एकच, असे सांगणे चुकीचे होईल. माळीणला उतार, माती आणि मुरलेले पाणी होते, कराचीत खवळलेल्या पाण्याची ओढ आणि गर्दी. पण दोन्हीकडे भरातला पावसाळी अरबी समुद्रच होता. शिवाय ईद अमावास्येनंतर लगेच येते, म्हणजे नेमकी उधाणाच्या दिवसांत. बकरी ईद दहाव्या चंद्राला, म्हणजे भांगाच्या भरतीजवळ. सण चंद्र पाहून करणाऱ्या आमच्या लोकांनी किनाऱ्यावर जातानाही तोच चंद्र पाहायला काय हरकत आहे?

समुद्र स्वतः चालून आला तो ३ जून २०२० रोजी. निसर्ग चक्रीवादळ रायगडात श्रीवर्धनजवळ जमिनीवर चढले, तिथे वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे होता, आणि ते ईशान्येकडे सरकले. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात हिरड्याची झाडे आणि झाडांवरचा हिरडा गेला. आदिवासी कुटुंबांचे ते वर्षाचे रोख उत्पन्न; त्याच्या भरपाईसाठी त्यांना पुढे कित्येक वर्षे भांडावे लागले. वादळाचा अंदाज आधी दिलेला होता. पण डोंगरातल्या माणसाला 'किनारपट्टीला इशारा' हे शब्द आपले वाटले नाहीत, आणि त्यात त्याची चूक मला दिसत नाही. आपल्याच तालुक्यात आर्वीला १९७१ पासून उपग्रहाशी बोलणारे केंद्र आहे, खोडदला आकाशाचा कानोसा घेणाऱ्या अजस्र दुर्बिणी आहेत, आणि डोंगरापलीकडच्या समुद्राची बातमी मात्र आपल्यापर्यंत आपल्या भाषेत पोहोचत नाही.

भाषेचे म्हणाल तर कोळ्यांकडे सगळे शब्द तयार आहेत : उधाण, भांग, सुकती, मतलई, ओढ. अंदाज लिहिणाऱ्यांनी ते उचलावेत. ओढ म्हणजे किनाऱ्यावर चढलेले पाणी एखाद्या अरुंद वाटेने परत आत जाते तो प्रवाह. तिथे लाटा फुटत नाहीत, म्हणून तीच जागा शांत दिसते आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. तीत सापडलात तर किनाऱ्याकडे धडपडू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका.

शिक्षक मंडळींसाठी कोकणातला एक हिशेब सांगतो, त्याला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. बारा तासांनी पुन्हा, आणि मध्ये सहा तासांवर ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, जागेप्रमाणेही पडतो, म्हणून गावातल्या कोळ्याला एकदा विचारून घ्यावे. अष्टमीला सहल असेल तर सकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला सुकती. मुले जेवण आटोपून दोन वाजता खडकांवर शंख-शिंपले शोधायला पांगतील, तेव्हा पाणी पुन्हा चढायला लागून दोन तास झालेले असतील.