सुटीनंतरचा घरचा अभ्यास

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कार्यान्वित झाली. तेव्हापासून या नगरातील असंख्य घरांचे दिवस पाळ्यांवर बेतले गेले आहेत. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा या तीन वेळांना पाळी बदलते आणि तिच्याबरोबर घरातील जेवणाची व झोपेची वेळही बदलते. अशा घरात एखादे मूल शाळेत न जाता घरीच शिकत असेल, तर त्याच्या अभ्यासाला घंटा नसते, हजेरीपट नसतो. घरातील शिस्त हाच त्याचा एकमेव आधार असतो. दिवाळीत नागपूरकडील आप्तांकडे पंधरा दिवस काढून कुटुंब परतते, तेव्हा नेमका हाच आधार डळमळलेला असतो.

हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हे. १९८९ साली स्थापन झालेल्या व आज राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेमार्फत चौदा वर्षे पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला घरी अभ्यास करून माध्यमिक परीक्षा देता येते. या संस्थेच्या सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या सुमारास होतात. दुसरी परीक्षा दिवाळीच्याच आगेमागे येते, आणि परीक्षेची तारीख कोणाच्या सुटीसाठी थांबत नाही.

खंड पडला की विस्मरण होतेच. मात्र त्याचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली आपले स्मृतिविषयक प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या मालिका पाठ करावयाच्या, काही काळ जाऊ द्यावयाचा आणि त्या पुन्हा पाठ करण्यास किती वेळ लागतो हे मोजावयाचे, अशी त्याची पद्धत होती. एक महिन्यानंतरही दुसऱ्या वेळी सुमारे एक पंचमांश श्रम वाचत असल्याचे त्याला आढळले. तात्पर्य, जे आठवत नाही ते सर्वस्वी नष्ट झालेले नसते. दुसरी शिकवण पहिलीपेक्षा स्वस्त पडते. अर्थपूर्ण पाठांच्या बाबतीत ही बचत आणखी मोठी असते.

सर्व विषयांची झीज सारखी होत नाही. हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील उन्हाळी सुटीविषयीच्या संशोधनांचा आढावा १९९६ साली घेतला. सरासरी महिनाभराच्या अभ्यासाइतकी पीछेहाट होते आणि आकडेमोड व शब्दलेखन यांत ती विशेष दिसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या कौशल्यांना रोजचा सराव लागतो ती प्रथम गंजतात.

छत्तीसगडने या गोष्टीचा फार मोठा अनुभव घेतला आहे. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या आणि एप्रिलमध्ये राज्य शासनाने ‘पढ़ई तुंहर दुआर’, म्हणजे ‘शिक्षण तुमच्या दारी’, हा उपक्रम सुरू केला. घर हीच शाळा झाली. जानेवारी २०२१ मध्ये अझीम प्रेमजी विद्यापीठाने छत्तीसगडसह पाच राज्यांतील दुसरी ते सहावीच्या १६,०६७ मुलांची पाहणी केली. तीत ९२ टक्के मुलांनी भाषेतील आणि ८२ टक्के मुलांनी गणितातील निदान एक पूर्वी अवगत असलेली क्षमता गमावल्याचे दिसून आले. पंधरा दिवसांची सुटी आणि हा दीर्घ खंड यांची तुलना होऊ शकत नाही. परंतु उपाय एकाच दिशेचा आहे. मूल जेथे असावयास हवे होते तेथून नव्हे, तर आज जेथे आहे तेथून आरंभ करावयाचा.

म्हणून पहिल्या आठवड्यात नवा पाठ घेऊ नये. नेहमीच्या निम्म्या वेळात पाढे, उजळणीची उदाहरणे, दहा ओळींचे शुद्धलेखन आणि मोठ्याने वाचन एवढेच पुरे. प्रवासात पाहिलेल्या गोष्टींचे वर्णन लिहून घेतले, तर सुटीही अभ्यासाच्या उपयोगी पडते. दुसऱ्या आठवड्यात वेळ वाढवावा आणि मगच पुढील पाठाकडे वळावे.

झोपेचेही असेच आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तासांची झोप आवश्यक मानली जाते. सुटीत लांबलेली निजण्याची वेळ एका रात्रीत मागे आणता येत नाही. ती दररोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणावी आणि सकाळी मुलाला उजेडात न्यावे, कारण शरीरातील घड्याळ प्रकाशावरून वेळ जुळवून घेते. ज्या घरात पाळ्या बदलतात, तेथे घड्याळापेक्षा क्रम अधिक उपयोगी पडतो. न्याहारीनंतर गणित आणि गणितानंतर वाचन हा क्रम ठरलेला असला, म्हणजे रात्रपाळीहून आलेले वडील झोपलेले असतानाही अभ्यास आपल्या मार्गाने चालू शकतो.

नवी कोकभट्टी तापविण्यास कित्येक आठवडे लागतात, हे भिलाईत अनेकांना ठाऊक आहे. तिच्या सिलिकायुक्त विटा आरंभीच्या कमी तपमानातच सर्वाधिक प्रसरण पावतात. तेव्हा घाई केली तर भिंतींना तडे जातात. सुटीनंतरचा पहिला आठवडा हा असाच नाजूक टप्पा होय. त्या दिवसांतील चुका पाहून मूल मंद आहे असा निर्णय पालकांनी केला, तर तो निर्णय मुलाच्या मनात घर करून बसतो आणि विसरलेल्या पाढ्यांपेक्षा त्याची हानी कितीतरी अधिक काळ टिकते. पाढे आठवडाभरात परत येतात. तेवढा आठवडा मुलाला मिळाला पाहिजे.