स्थानमाहात्म्य

सिंहगडाच्या वाटेवर वसलेली आणि २०१७ साली पुणे महापालिकेच्या हद्दीत दाखल झालेली धायरी आज उंच इमारतींनी गजबजून गेली असली, तरी तिच्या टेकडीवरील धारेश्वराच्या देवालयाने आपला एकांत अद्याप पुरता गमावलेला नाही. चढ चढून दम लागलेला आणि उन्हाने डोळे दिपलेला भाविक गाभाऱ्यात शिरतो, तेव्हा तेथील मंद उजेडाला दृष्टी सरावेपर्यंत जो क्षणभर विलंब होतो, त्या विलंबातच दर्शनाचे अर्धे सामर्थ्य असते. हे सामर्थ्य कारागिराचे की जागेचे, हा प्रश्न भाविकाला पडत नाही. आणि त्यात त्याचे फारसे नुकसान होते, असे मला वाटत नाही.

घारापुरीच्या शिल्पकाराने मात्र या प्रश्नाचा पूर्ण विचार केला असावा. सुमारे अठरा फूट उंचीची त्रिमुखी सदाशिवमूर्ती त्याने उत्तरेकडील प्रवेशद्वारासमोर, पण दालनाच्या थेट दक्षिण भिंतीत कोरली. त्यामुळे खांबांच्या रांगांमधून चालत जाणाऱ्यास ती हळूहळू अंधारातून वर येताना दिसते, आणि बाजूच्या मोकळ्या चौकांतून येणारा तिरपा उजेड जसजसा सरकतो, तसतशी तिच्या मुखांवरील छाया पालटत जाते. तिचा हुबेहूब साचा कोणी भर उजेडाच्या सभागृहात उभा केला, तर मापे तंतोतंत उतरतील, परंतु तिच्याकडे चालत जाण्याची ती वाट उतरणार नाही.

तथापि स्थलांतराने केवळ हानीच होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये जमवली आणि अकाली निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ उभारलेले ते संग्रहालय पुढे महाराष्ट्र शासनाच्या हवाली केले. घरच्या देव्हाऱ्यापाशी समईकडे कोण पाहतो? नजर जाते ती देवाकडे. संग्रहालयात प्रथमच तिच्या माथ्यावरचा पक्षी, दांड्यावरची वलये, बैठकीचा डौल न्याहाळता येतो. इतरांना उजळण्यासाठी घडलेली ही वस्तू येथे स्वतःच विजेच्या प्रकाशात उभी राहते, ही गंमत अलाहिदा. एका दालनातले दिवे मालवून एखादी समई तेल घालून पेटवावी, अशी सूचना करण्याचा मोह होतो. पण जुन्या लाकडाशेजारी जळती ज्योत ठेवण्यास कोणताही संग्रहपाल राजी होणार नाही, आणि त्याचे म्हणणे रास्तच आहे.

याहून बिकट प्रकरण मस्तानी महालाचे. कोथरूड येथील मस्तानीच्या निवासाचे अवशेष केळकरांनी आणून याच संग्रहालयात पुन्हा उभे केले. ते आणले नसते, तर कोरीव लाकडाची वासलात कशी लागली असती, हे पुण्यातील पडक्या वाड्यांची कैफियत ठाऊक असणाऱ्यास सांगावयास नको. लाकूड वाचले, परंतु कोथरूड त्या काळी मुठेपलीकडचे, शहराबाहेरचे खेडे होते, आणि पेशव्यांच्या घराण्याने जिचा मनापासून स्वीकार केला नाही, त्या स्त्रीच्या महालाला शनिवारवाड्यापासूनचे ते अंतर हाच मोठा अर्थ होता. आज तो महाल शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत, शनिवारवाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.