दुसरी चावी

१९७९ साली मी बँकेत क्लार्क म्हणून लागलो, तेव्हा पहिल्या दिवशी मला दाखवण्यात आली ती स्ट्राँग रूम. तिजोरीला दोन चाव्या. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अकाउंटंटकडे. एकाच्या चावीनं काहीच उघडत नाही. बँकेचं सगळं शहाणपण त्या दोन भोकांत आहे, हे कळायला मला पुढची दहा वर्षं लागणार होती.

आमच्या हेड कॅशियरांच्या मुलीचं लग्न होतं. रजेचा अर्ज वेळेत दिलेला, पण चार्ज घ्यायला येणाऱ्याची एसटी वाटेत बंद पडली. साडेदहाला कॅशियर स्वतः हजर. अंगात झब्बा, केसांत अक्षता. अकाउंटंट ओशाळून म्हणाले, “काका, चावी निरोप्याबरोबर पाठवली असती तरी चाललं असतं, मी उघडलं असतं.” काका म्हणाले, “तुम्ही उघडाल हो साहेब. मग दोन चाव्यांची तिजोरी कशाला आणली?” बदलीचा माणूस पोचल्यावर त्यांनी त्याला रोकड मोजून दिली, रजिस्टरवर सह्या घेऊन चावी रीतसर सोपवली आणि मांडवात परत गेले.

अकाउंटंटवर त्यांचा अविश्वास मुळीच नव्हता. दोघं रोज एका डब्यात जेवायचे. चावी तरीही वेगळी.

त्या काळी चेकही तीन हातांतून जायचा. लेजरकीपर खात्यात नोंद करणार, ऑफिसर सही ताडून पास करणार, कॅशियर पितळी टोकन परत घेऊन पैसे मोजणार. १९६९ च्या जुलैत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा देशात आठ हजारांच्या आसपास शाखा होत्या; दहा-बारा वर्षांत तो आकडा तीस हजारांपुढे गेला. एवढ्या शाखांवर मुंबईतून नजर ठेवणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. सांभाळायचं ते तिथल्या तिथे, एकमेकांवर नजर ठेवूनच.

आणि बॅलन्सिंग! सहामाहीला बचत खात्यांचं व्याज हातानं काढायचं. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरून. (रोजच्या शिल्लकेवर व्याज सुरू झालं ते थेट एप्रिल २०१० मध्ये.) सगळ्या खात्यांची बेरीज जनरल लेजरशी जुळली पाहिजे. एका डिसेंबरात आमचा ६३ रुपयांचा फरक आला. रात्रीचे अकरा वाजलेले, भजी थंडगार. एक जुना क्लार्क म्हणाला, “नऊनं भाग जातोय का बघा. जातोय? मग कोणीतरी आकडे उलटे लिहिलेत.” पहाटे सापडलं. ४१८ चे ४८१ झाले होते, माझ्याच अक्षरात. त्रेसष्ट रुपये खिशातून टाकून मोकळं व्हावं असं मी सुचवलं होतं. त्यावर कोणी हसलंसुद्धा नाही.

पुढे प्रशिक्षणात हार्वर्डच्या रॉबर्ट अँथनींचं नाव ऐकलं. १९६५ च्या पुस्तकात त्यांनी संस्थेच्या कारभाराचे तीन मजले मांडले होते. वर धोरण, मध्ये व्यवस्थापकीय नियंत्रण, खाली रोजच्या कामावरचं नियंत्रण. फळ्यावर त्रिकोण छान दिसायचा. आम्ही तळमजल्यावरचे. पण ज्यांनी बँका हादरवल्या त्यांतल्या बऱ्याच चोऱ्या वरच्या मजल्यांवर झाल्या, आणि तिथे दुसरी चावी कोणाकडे असते ते त्या त्रिकोणात दिसत नव्हतं.

२३ एप्रिल १९९२ ला पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी आली आणि शेअरदलाल हर्षद मेहताचं प्रकरण उघड झालं. शाखेत आम्हाला आधी त्यातलं काही कळेना. आम्ही शंभर रुपयांच्या व्हाउचरवर दोन सह्या घेत होतो आणि तिकडे कोटींचे व्यवहार बँक रिसीट नावाच्या कागदावर चालले होते. बँका सरकारी रोखे एकमेकींना विकत, प्रत्यक्ष रोखे मागाहून येणार म्हणून नुसती पावती देत. मध्ये दलाल. पैसे थेट समोरच्या बँकेला जाण्याऐवजी दलालाच्या खात्यात जमा होत. पावतीमागे रोखे आहेत का, हे पाहायचं कोणी? रिझर्व्ह बँकेच्या पब्लिक डेट ऑफिसातल्या नोंदी तेव्हा हातानंच होत. तिथून चटकन ताळा लागत नसे. चौकशीसाठी नेमलेल्या जानकीरामन समितीनं मोजलेली खोट चार हजार कोटींच्या वर गेली. माझ्या साताऱ्याकडच्या मित्रांना चटका लागला तो बँक ऑफ कराडचा. पाठीशी रोखे नसताना पावत्या दिल्याचं निघालं, बँक अवसायनात गेली आणि १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियात विसावली. गावाचं नाव पाटीवरून पुसलं गेलं.

नंतर नियमांचा पाऊस पडला. घोष समितीच्या शिफारशींनंतर १९९३ पासून समवर्ती लेखापरीक्षण आलं. सौदा करणारा वेगळा, रोखे सांभाळणारा वेगळा, ताळा घालणारा वेगळा, असं बजावण्यात आलं. १९९५ मध्ये सिंगापुरात बसून एका तरुणानं लंडनची बेअरिंग्ज बुडवली तेव्हाही तेच निघालं: सौदे आणि त्यांचा हिशोब दोन्ही त्याच्याच हाती. मला उगाच आमच्या काकांच्या केसांतल्या अक्षता आठवल्या.

संगणक आले तेव्हा वाटलं, आता माणसाची गरजच संपली. युनियनशी झालेल्या १९८३ च्या करारानं ते दार किलकिलं झालं होतं. पुढे लेजर पोस्टिंग मशिनं, मग कोअर बँकिंग. बॅलन्सिंगच्या रात्री संपल्या, याचं मला दुःख नाही. जागरणाचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा तरी ती भजी खाऊन बघावीत. पण चावीची जागा पासवर्डनं घेतली आणि तिथे गडबड झाली. व्यवहार टाकणारा मेकर, मंजूर करणारा चेकर. यंत्राला दोन पासवर्ड हवेत. माणसं दोन आहेत का, हे त्याला दिसत नाही.

हे मी शहाजोगपणानं सांगत नाही. २००६ च्या सुमारास मी मॅनेजर असताना काउंटरपुढे दारापर्यंत रांग. मी कर्जदाराबरोबर बाहेर जाताना माझा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून अकाउंटंटच्या हातात दिला. “साहेब, लवकर या,” एवढंच तो म्हणाला. पंचेचाळीस हजार भलत्याच खात्यात जमा झाले, मंजुरी माझ्या नावे. पैसे दुसऱ्या दिवशी परत आले. खुलासा मागणारं पत्र मात्र माझ्या फाइलला लागलं, आणि योग्यच लागलं.

मी निवृत्त झाल्यावर, २०१८ च्या फेब्रुवारीत, फोर्टमधल्या ब्रॅडी हाऊसच्या पंजाब नॅशनल बँक शाखेची बातमी वाचली. परदेशातल्या बँकशाखांना हमीचे संदेश स्विफ्ट या संदेशयंत्रणेवरून जात होते आणि कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच नव्हती. दोन यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०१६ पासून तीनदा सावध केलं होतं. रक्कम तेरा हजार कोटींपुढे. फुटलं कसं? नव्या अधिकाऱ्यानं हमीसाठी पूर्ण रकमेचं मार्जिन मागितलं, तेव्हा हमी मागणारे म्हणाले, आजवर तर लागत नव्हतं. सगळ्या यंत्रणेला वर्षानुवर्षं जे दिसलं नाही, ते खुर्चीवरचा माणूस बदलल्यावर दिसलं. संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून सलग रजा घ्यायलाच लावा, हा नियम म्हणूनच आहे. आम्ही त्याला सुट्टीची चैन समजायचो.

पुढच्याच वर्षी पीएमसी सहकारी बँक. एकाच बांधकाम समूहाला दिलेलं कर्ज झाकायला एकवीस हजारांहून जास्त खोटी खाती, तीही रिझर्व्ह बँकेला दाखवायच्या यादीत. निर्बंध आल्यावर खातेदारांना सुरुवातीला हजार रुपयेच काढता येत होते. त्यांच्या पासबुकांतली शिल्लक मात्र पैशापर्यंत बरोबर.

आता माझं खातं बायकोबरोबर जोडखातं आहे. मोबाइल नंबर तिचा, म्हणून ओटीपी तिच्याच फोनवर येतो. मी बाहेरच्या खोलीतून विचारतो, “आला का गं?” फोडणी देता देता ती सहा आकडे मोठ्यानं सांगते. रक्कम किती, कोणाला, हे संदेशात वरच लिहिलेलं असतं. आजवर तिनं ते कधी वाचलेलं नाही.