सत्तर कोटींचा करार आणि एका दिवसाची उणीव

डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओतानी या जपानी खेळाडूने लॉस अँजेलिस डॉजर्स या संघाशी दहा वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा करारनामा केला. आयपीएलच्या लिलावांवर ज्याची नजर पोसली आहे अशा आपल्याकडील क्रीडारसिकाने त्या वेळी, हा गडी सत्तर कोटींना विकला गेला आणि आता दरसाल सात कोटी घरी नेणार, असा हिशेब मनाशी मांडला असल्यास त्याला दोष देता येणार नाही. परंतु त्या हिशेबातील दोन्ही कलमे चुकीची आहेत. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये अशा खेळाडूंचा लिलाव होत नाही. बंधनाची मुदत संपली की खेळाडू आपल्या मुखत्यारामार्फत वाटेल त्या संघाशी बोलणी करतो आणि कोणाला कबुलायत लिहून द्यावयाची हे स्वतः ठरवतो. ओतानीला करारातील दहा वर्षे दरसाल मिळावयाचे ते अवघे २० लक्ष डॉलर. उरलेले दरवर्षीचे ६ कोटी ८० लक्ष बिनव्याजी तहकूब ठेवलेले असून ते २०३४ पासून २०४३ पर्यंत चुकते व्हावयाचे आहेत. म्हणूनच वेतनखर्चाच्या हिशेबात लीग या कराराची वार्षिक किंमत सुमारे ४ कोटी ६० लक्ष एवढीच धरते. या खेळात संघाच्या वेतनखर्चाला कमाल मर्यादा नाही; ठरावीक रक्कम ओलांडणाऱ्या संघावर मात्र चढता कर बसतो.

रक्कम पुढे ढकलण्याच्या या रिवाजाचे ओतानीहून जुने उदाहरण म्हणजे बॉबी बोनिया. न्यूयॉर्क मेट्स संघ त्याला २००० साली ५९ लक्ष डॉलर देणे लागत होता. ते त्या वेळी न देता द. सा. द. शे. ८ व्याजाने लांबणीवर टाकण्यात आले, आणि २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला सुमारे ११ लक्ष ९३ हजार डॉलरचा एकेक हप्ता त्याला मिळावा असे ठरले. दरवर्षी त्या तारखेला मेट्सच्या मूर्खपणाची जी टवाळी होते ती पंचवीस हप्त्यांची बेरीज करून होते, व्याजाचे कोष्टक मांडून होत नाही. व्याजाचा दर चढा होता हे खरे. पण सावकारी समजणारा कोणीही त्याला दरोडा म्हणणार नाही.

अशा रकमा पाहून बेसबॉलचा खेळाडू म्हणजे स्वतंत्र प्राणी, असा जो दुसरा समज होतो तो अधिक खोल आणि अधिक चुकीचा आहे. १८७९ पासून जवळजवळ शंभर वर्षे करारात असे एक कलम असे की, मुदत संपली तरी खेळाडूवरील हक्क संघाकडेच राहावा. म्हणजे वतनाची जमीन सोडून जाण्याची मुभा नसलेल्या कुळासारखी त्याची अवस्था होती. १९६९ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने कर्ट फ्लड या नामांकित खेळाडूची फिलाडेल्फियास परस्पर रवानगी केली तेव्हा त्याने ती नाकारली आणि दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. फ्लडने खटला जिंकून गुलामगिरी मोडली, असे पुष्कळदा सांगितले जाते, ते खरे नाही. ते कलम निष्प्रभ झाले ते डिसेंबर १९७५ मध्ये, अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या तक्रारीवर पीटर साइट्झ या लवादाने दिलेल्या निर्णयाने. संघमालकांनी त्या लवादाला तत्काळ बडतर्फ केले, पण निर्णय कायम राहिला.

त्यानंतर जी तडजोड झाली तिच्यात सहा वर्षांची सेवा पुरी करणाऱ्यालाच मोकळीक मिळाली, आणि या सेवेचा हिशेब दिवसांवर चालतो ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. मेजर लीगच्या पटावर १७२ दिवस भरले की एक वर्ष. १७१ भरले तर नाही. २०१५ मध्ये शिकागो कब्जचा क्रिस ब्रायंट हंगामापूर्वीच्या सराव सामन्यांत ९ होमरन मारून बसला होता, तरी क्षेत्ररक्षण सुधारावयाचे आहे या सबबीवर त्याला आयोवातील कनिष्ठ संघात धाडण्यात आले आणि १७ एप्रिलला वर आणले गेले. वर्षाअखेर तो लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. नोंदवहीत त्याचे दिवस भरले १७१. त्या एका दिवसाने त्याची मोकळीक २०२० ऐवजी २०२१ च्या अखेरीस गेली; त्याची तक्रार लवादाने २०२० च्या आरंभी फेटाळली. नियमाच्या अक्षरात संघ निर्दोष होता, न्यायाच्या दृष्टीने होता असे मला वाटत नाही. आणि २०२२ च्या सामुदायिक करारात नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोन क्रमांकांत येणाऱ्यास पूर्ण वर्षाची सेवा देण्याची तरतूद आली, याचा अर्थ पुष्कळांना तसेच वाटत होते.

कनिष्ठ संघात पाठवणे म्हणजे शिक्षा किंवा हकालपट्टी, हा समजही सोडून द्यावा. प्रत्येक संघाच्या हक्काच्या यादीत ४० नावे असतात, प्रत्यक्ष खेळावयास सिद्ध असे २६. या दोहोंमधील ये-जा तीन हंगामांपर्यंत संघ इतर संघांची परवानगी न घेता करू शकतो. ती मुभा संपली की मात्र खाली धाडण्यापूर्वी नाव इतर संघांपुढे ठेवावे लागते. चाळिसांतून नाव कमी केले तर सात दिवसांत त्याची बदली, दुसऱ्या संघाची मागणी किंवा मुक्तता यांपैकी काही तरी ठरवावे लागते. आणि मुक्त केले तरी दीर्घ मुदतीच्या करारातील उरलेले वेतन साधारणतः बुडत नाही, जुना संघच ते देत राहतो. उलट, एखाद्या संघाशी करार झाला म्हणजे खेळाडू मेजर लीगमध्ये पोहोचला, असेही नव्हे: २००८ मध्ये उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल (हा रिंकू सिंग कोलकात्याचा फलंदाज नव्हे) पिट्सबर्ग पायरेट्सशी करारबद्ध झाले, पण दोघांची कारकीर्द कनिष्ठ लीगमध्येच संपली.

बदलीत करार जसाच्या तसा नव्या संघाकडे जातो, आणि ज्याची दहा वर्षांची सेवा झाली असून त्यातील शेवटची पाच एकाच संघात गेली आहेत, किंवा ज्याच्या करारात तसे कलम आहे, त्याखेरीज कोणाचीही संमती विचारली जात नाही. यातून काय घडू शकते ते डॅनी जॅन्सनने दाखवले. २६ जून २०२४ रोजी बॉस्टनमध्ये तो टोरंटोकडून फलंदाजीस उभा असता पावसाने सामना तहकूब झाला. जुलैमध्ये त्याची बदली बॉस्टनकडेच झाली. २६ ऑगस्टला तोच सामना तेथूनच पुढे सुरू झाला तेव्हा त्याच्या जागी टोरंटोचा दुसरा फलंदाज उभा राहिला आणि मागे यष्टिरक्षकाच्या जागी बॉस्टनकडून जॅन्सन बसला. एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेला मेजर लीगमधील तो पहिला खेळाडू.

आकडेवारीविषयी थोडेच सांगतो. फेकीपटूच्या नावे लागणारा विजय हा त्याच्या गुणवत्तेचा पुरावा नव्हे. २०१८ मध्ये जेकब डिग्रॉमचे विजय १० आणि पराजय ९ होते, तरी नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावा सरासरी १.७० असल्याने वर्षातील सर्वोत्तम फेकीपटूचा मान त्यालाच मिळाला. फलंदाजीची सरासरी ही धावांची नसून यशस्वी फटक्यांच्या प्रमाणाची असते, आणि तिच्या मानासाठी १६२ सामन्यांच्या हंगामात किमान ५०२ वेळा फलंदाजीस यावे लागते. १९९६ मध्ये टोनी ग्विन ४९८ वेळाच आला होता. नियमाप्रमाणे चार काल्पनिक अपयशे त्याच्या नावे मांडण्यात आली, ०.३५३ ची सरासरी ०.३४९ वर उतरली, आणि तरीही तोच पहिला ठरला. जुने विक्रम दगडावरची रेघ असतात असे समजणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, १९२० ते १९४८ या काळातील कृष्णवर्णीयांच्या लीगची आकडेवारी मे २०२४ मध्ये अधिकृत दफ्तरात सामील झाली, आणि कारकीर्दीच्या सरासरीत टाय कॉबचे ०.३६७ दुसऱ्या क्रमांकावर जाऊन पहिल्यावर जॉश गिब्सनचे ०.३७२ आले.