लास ताब्लासचा पोयेरा-उत्सव

पनामा देशाच्या आसुएरो द्वीपकल्पावरील लास ताब्लास या लहानशा कसब्यात, तेथील संरक्षक संत सांता लिब्रादा हिच्या सणाच्या काळात, दरसाल जुलैत, ‘पोयेरा’ या पारंपरिक स्त्रीवेषाचा राष्ट्रीय उत्सव भरतो. जानेवारीत ‘हजार पोयेरां’ची मिरवणूक निघते, ती निराळीच. शुभ्र वस्त्रावरील भरतकाम व हातविणीच्या जाळ्या यांत कसबी स्त्रियांचे कित्येक महिने खर्ची पडतात. परंतु केशसंभारावर, मोत्यांच्या किंवा चक्क माशांच्या खवल्यांच्या, पावलागणिक थरथरणाऱ्या ‘तेंब्लेक’ पुष्पांचा मुकुट आणि वक्षःस्थळी सुवर्णसाखळ्या चढल्यावाचून हा जामानिमा पुरा झाला, असे कोणी मानीत नाही. पादत्राणांचा रंग गळ्याजवळील लोकरी गोंड्याशी जुळावा, हा दंडकही, परक्यास क्षुल्लक भासला तरी, तेथे कसोशीने पाळतात.